नगण्य मानलेला उजेड

गेल्या फाल्गुनात एका दुपारी माझ्या लेकीने पुण्याहून फोन करून मला एक शब्द मागितला, आणि मी तो इतक्या सहज देऊन टाकला की देताना त्याचे वजन हातात घेऊन पाहिले नाही.

शब्द मागणे ही तिची जुनी सवय होती. ती खगोलशास्त्रात संशोधन करते. तिचे लेख इंग्रजीत छापून येतात, पण वाक्य अवघड असले की ती ते आधी मराठीत लिहून पाहत असे. मी मालेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. वाक्य कुठे अडखळते, कुठे उगाच गोड होते, हे मला कानाने कळते, यावर तिचा विश्वास होता. आकाशाशी माझा संबंध मात्र कवितेपुरता. तिचे वडील होते तोवर ती त्यांना सारे समजावून सांगे आणि मी स्वयंपाकघरातून ऐके. ते गेल्यावर सांगायला मीच उरले.

तिने मला सांगितलेले मी माझ्या भाषेत सांगते. आपली आकाशगंगा गॅमा किरणांत उजळलेली असते. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. अवकाशात फिरणारी दुर्बीण तो कणाकणाने टिपते. त्यातला काही भाग ठळक ठिकाणांहून येतो: फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष, गरगर फिरणारे मेलेले तारे. त्यांना ती स्रोत म्हणते. बाकीचा उजेड पसरलेला, धुक्यासारखा. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत विरळ वायू असतो, त्याच्यावर प्रचंड वेगाचे विश्वकिरण आदळतात आणि तो वायूच मंद उजळतो. तिचे काम असे की ठळक स्रोत झाकायचे, वायूचा वाटा किती असावा तो गणिताने काढून वजा करायचा, आणि मागे काही राहते का ते पाहायचे.

तिच्या वजाबाकीत मागे राहिले होते. आकाशगंगेच्या आतल्या भागात, जास्त ऊर्जेच्या बाजूला, गणिताने सांगितले त्याहून उजेड अधिक होता. म्हणजे तिथले विश्वकिरण आपल्याकडच्यापेक्षा जोरकस असले पाहिजेत, असा तिचा निष्कर्ष होता. तिच्या इतक्या वर्षांच्या एकट्या संध्याकाळी त्या एका निष्कर्षात जमा झाल्या होत्या.

"पण एक गोम आहे, आई," त्या दुपारी ती म्हणाली. "जे स्रोत फार दूर आहेत, किंवा मुळातच मंद आहेत, ते सुटे दिसत नाहीत. त्यांचा उजेड त्या धुक्यातच मिसळतो. ते किती, हे मी मोजलेलं नाही."

"मोजता येत नाही?"

"एकेक नाही येत. अंदाज काढता येतो. ठळक किती, त्याहून जरा मंद किती, असं करत पायरीपायरीनं खाली उतरायचं. जिथं दिसणं संपतं त्याच्याही खाली. त्याला महिने जातील. सर म्हणतात, एक वाक्य लिही आणि पुढं चल."

"मग लिही."

"तेच तर सुचत नाही. खोटं नको. पण फार बोलकंही नको."

माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. खिडकीतून कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा कडसर वास येत होता आणि बोटांना तांबड्या शाईचा डाग होता. मी म्हणाले, "'मंद स्रोतांचे योगदान नगण्य मानले आहे.'"

पलीकडे तिने ते वाक्य पुटपुटून पाहिले. मग ती हसली. "मानले आहे? कोणी?"

"कर्मणी प्रयोगात ते सांगावं लागत नाही."

दोघीही हसलो. मला आठवते, त्या हसण्यात मला अभिमान वाटला होता. वाक्य नेटके होते. त्यात कोणी माणूसच नव्हता.

लेख छापून आला. मालेगावजवळच्या मेडशीला, आमच्या मूळ गावी, माझे दीर शेती करतात. त्यांचा आनंद पोटात मावेना. "वहिनी, दोन ओळी लिहून द्या. जोरदार पायजेत," असे म्हणून त्यांनी माझ्याकडून मजकूर नेला आणि बसथांब्यावर फ्लेक्स लावला. 'मेडशीच्या लेकीने आकाशगंगेत शोधला नवा उजेड.' ओळ माझीच. आख्खा पावसाळा तो फ्लेक्स तिथे ओला होत आणि वाळत राहिला, आणि तिच्या फोटोतला एक डोळा हळूहळू पांढरा होत गेला. आश्विनात ती घरी येणार असे कळल्यावर गावच्या शाळेने रविवारी सत्काराचा बेत धरला.

ती बुधवारी आली. गुरुवारी सकाळी, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून, तिने मला सांगितले की लेख गेल्यावर तिने ते मोजायला घेतले होते. कोणी सांगितले नव्हते. संध्याकाळी संस्थेत थांबून, कोणाला न कळू देता. आणि ते नगण्य निघाले नव्हते. तिने नवे म्हणून जे दाखवले त्यातले बरेचसे त्या न दिसणाऱ्या, मेलेल्या, दूरच्या ताऱ्यांचे असू शकत होते. मागे राहत होते ते इतके थोडे की त्यावर दावा उभा करता येत नव्हता.

"सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, आज ना उद्या दुसरं कोणीतरी दाखवेल, शास्त्र असंच पुढं जातं. आपण होऊन कशाला." कपातल्या चहावर धरलेली साय ती बोटाने बाजूला करत राहिली. "परदेशातली ती दोन वर्षांची संशोधनाची जागा मला या लेखावर मिळाली आहे, आई. मी नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं, तर त्यांनाही कळवावं लागेल."

आईने अशा वेळी काय म्हणावे, हे मला आजही ठाऊक नाही. मी काय म्हणाले ते मात्र ठाऊक आहे. मी म्हणाले, "कोणी विचारलं आहे का अजून?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि कप खाली ठेवला.

शुक्रवारी आम्ही मेडशीला गेलो, कारण दिरांनी बोलावले होते आणि घरात दोघींना एकमेकींसमोर बसवत नव्हते. सोयाबीनची सोंगणी आटोपली होती. कापलेल्या पिकाची गंजी वावराच्या एका टोकाला ताडपत्रीखाली होती, आणि मधून तुरीच्या हिरव्या ओळी तेवढ्या उभ्या होत्या. उन्हाला कुटाराचा, भुशाचा वास होता, कोरडा, घशात रुतणारा. पायाखाली कापलेले बुडखे चपलेला टोचत होते. सारे वावर भुरे, ओसाड, संपलेले दिसत होते.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पलीकडच्या वस्तीवरच्या पाच-सहा बाया टोपली घेऊन बसून होत्या. दिवाळी झाली की त्या ऊसतोडीला जातात. त्याआधी इथे सरवा वेचतात. सोंगताना तडकून पडलेल्या शेंगा, भेगांत शिरलेले दाणे, जे वेचेल त्याचे. पण मालकाने तोंडाने 'मोकळं' म्हटल्याखेरीज वावरात पाय टाकायचा नाही, ही आमच्याकडची रीत. दिरांनी वावरभर नजर फिरवली आणि हात हलवला.

"झालं बाप्पा वावर मोकळं! या आता!"

बाया उठल्या. दिरांनी पुतणीकडे वळून पाहिले. "काहून वं पोट्टे, अशी सुकली काहून? तिकडं जेवाले देत नाहीत का? परवा सत्कार हाय तुया. अशी दिसली तर लोक म्हंतीन, उजेड शोधता शोधता हिचाच दिवा मालवला."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाली, "काका, वावर मोकळं झालं म्हंता, तर मंग या बाया काय वेचून राह्यल्या?"

"थे? थे काय, असंच. किडूकमिडूक. थे हिशोबात धरते का कोनी?"

सगळ्यांत वयस्क बाई आमच्याजवळून वाकून चालली होती. तिच्या कानावर ते गेले. पाठ न सरळ करता ती म्हणाली, "पाटील म्हंते मोकळं. मंग आमी का हवा वेचून राह्यलो, माय?"

बाया खळखळून हसल्या. दीरही हसले, जरा ओशाळून. "घ्या! हिच्या तोंडाले कोनी लागावं!"

"त्याईच्या डोयानं मोकळं हाय थे," म्हातारी माझ्या लेकीला म्हणाली. "उभ्यानं पाह्यलं त दिसत नाही काही. वाकलं का दिसते."

लेक तिच्याबरोबर वाकली. मी धुऱ्यावर उभी राहून पाहत होते. ती पहिल्यांदा काहीच उचलत नव्हती, नुसती शोधत होती. मग एक शेंग, मग बराच वेळ काही नाही, मग दोन दाणे. म्हातारीचे हात मात्र न थांबता चालले होते, जणू तिला माती वाचता येत होती. दाणा टोपल्याच्या बुडाशी पडला की बारीक टक् असा आवाज येई. थोड्या वेळाने तो आवाज थांबला. बूड झाकले गेले होते, आता दाण्यावरच दाणा पडत होता.

ती परत आली तेव्हा तिच्या नखांत काळी माती होती. मला राहवले नाही. उपमा समोर आयती उभी होती आणि मी जन्मभर उपमांवर जगले आहे. "म्हणजे असंच ना तुझं ते? सरव्यासारखं?"

"नाही, आई." ती ताडकन म्हणाली. "हेच नको. सरव्यात पडतं ते आपल्याच पिकाचं असतं. काकांच्या सोयाबीनचंच. तिथं तसं नाही. वायूचा उजेड वेगळा आणि ताऱ्यांचा वेगळा. पीकच दुसरं आहे, आणि मी ते वायूच्या नावावर दाखवलं. छान दिसतं म्हणून काहीही कशालाही जोडू नकोस."

दीर गंजीकडे गेले होते. तुरीच्या पानांवर वारा आला की शेकडो पाने एकदम उलटी होत आणि ओळ क्षणभर फिकट पडे.

मग मी ते बोलले, जे मी घरून मनात जुळवून आणले होते. की पत्र पाठवायलाच हवे असे नाही. की लेखात ते वाक्य आहे. नगण्य मानले आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. मानले आहे म्हणजे मोजले आहे असे कोणी म्हणत नाही. वाचणाऱ्याला कळायला हवे. तू काही लपवलेले नाहीस. मी सावकाश, मुद्देसूद बोलत होते, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात येत होते की माझा आवाज वर्गातला झाला आहे.

तिने सारे पूर्ण ऐकून घेतले. "आई, तू बारावीच्या पोरांना सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या चुका शिकवतेस ना? नगण्य आणि अगण्य यांत फरक काय?"

"नगण्य म्हणजे इतकं थोडं की मोजण्याच्या लायकीचं नाही. अगण्य म्हणजे इतकं पुष्कळ की मोजता येत नाही."

"पोरं गोंधळ करतात?"

"दरवर्षी."

"मी पण केला," ती म्हणाली. "एकेक पाहिला तर नगण्य. पण ते एकेकटे नाहीत."

आपण केला, असे ती म्हणाली नाही. मी केला, असे म्हणाली. धुऱ्यावरच्या त्या उन्हात मला ते लगेच ऐकू आले, आणि मी ते दुरुस्त केले नाही. आजवर कोणाचेही चुकलेले सर्वनाम मी सोडलेले नव्हते.

शनिवारी दुपारी तिने दार लोटून पत्र लिहिले. मी बाहेरच्या खोलीत उत्तरपत्रिका पुढ्यात घेऊन बसले, तिने हाक मारली तर लगेच जाता यावे म्हणून. कीबोर्डचा आवाज कधी भरभर येई, कधी थांबे. थांबला की मी पेन खाली ठेवी. तिने हाक मारली नाही. चार वाजता ती बाहेर आली, माठातले पाणी प्यायली, आणि म्हणाली, "गेलं."

"मला दाखवायचंस ना एकदा."

"इंग्रजीत होतं."

"मराठीत नाही लिहून पाहिलंस?"

"या खेपेस गरज नाही पडली."

नंतर मी विनवल्यावर तिने ते मला वाचायला दिले. माझे इंग्रजी बेताचे, पण वाक्ये सोपी होती. मी हे मोजले नव्हते. मी आता मोजले आहे. माझा पहिला निष्कर्ष टिकत नाही. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी ती उभी होती. त्यात लय नव्हती, डौल नव्हता, आणि मला त्यात एक अक्षर बदलावेसे वाटले नाही. संध्याकाळी तिच्या सरांचे एका ओळीचे उत्तर आले: तुझा निर्णय, पण आधी बोलायला हवे होतेस. ती ओळ तिने फोनवर तीनदा उघडली आणि तीनदा मिटली. परदेशातल्या संस्थेचे काही आले नाही.

मी मुख्याध्यापकांना फोन करून सत्कार पुढे ढकलू का, असे विचारले. ती नको म्हणाली. "काकांनी गावभर सांगितलंय. मीच जाऊन सांगते."

रविवारी शाळेच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या होत्या. झेंडूचा ओला वास, नव्या चुन्याचा वास, पंख्यांची घरघर. व्यासपीठावर मागे तोच फ्लेक्स आणून लावला होता, डोळा पांढरा झालेला. पहिल्या रांगेत मला खुर्ची होती. दिरांनी शाल घातली, नारळ दिला आणि माईक तिच्या हाती दिला.

ती गावच्या बोलीत बोलली. गॅमा किरण काय असतात ते तिने सांगितले, दुर्बीण कशी टिपते ते सांगितले. लोक माना डोलावत होते. मग म्हणाली, "आता या बोर्डावरचं सांगतो. मी नवा उजेड शोधला असं लिहेल हाय. मले पण तसंच वाटलं होतं. पण तो सगळा नवा नाही निघाला. लय मंद, लय दूरचे तारे असतात, एकेकटे दिसत नाहीत. त्याईचा उजेड मी मोजलाच नव्हता. थोडासाच असंन, असं लिहून टाकलं. काल मी पत्र पाठवलं, का माझं चुकलं."

दिरांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. त्यांनी हळूच, पण माईक जवळ असल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "म्हंजे बोर्ड खोटा हाय का, बाई?"

"खोटा नाही, काका. जरा मोठा झाला."

कोणीतरी हसले, मग बरेच जण हसले, आणि हवा सैल झाली. मागून एक गृहस्थ म्हणाले, "काही हरकत नाही, पोरी, मानसाच्या हातून होते!" दीर मात्र हसले नाहीत. ते फ्लेक्सकडे वळून त्यावरची ओळ वाचत होते, जणू ती आज पहिल्यांदा पाहत होते. मग त्यांची नजर माझ्याकडे आली. ओळ कोणी लिहिली, हे त्या सभागृहात फक्त आम्हा तिघांना ठाऊक होते. आणि 'थोडासाच असंन' हा कोणत्या शब्दाचा गावरान तर्जुमा, ते दोघींना.

तिने माझ्याकडे पाहिले नाही. एकदाही नाही. मला वाचवायला पाहिले नाही की माझी आशा सोडून, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, आता मातोश्रींनी दोन शब्द बोलावेत. माईक माझ्या हातात आला. तिच्या हाताने तो कोमट झाला होता. मी बोलले. सत्य सांगण्याचे धैर्य ही या मातीची देणगी आहे, असे म्हणाले. अंधारात चाचपडणाऱ्याला उजेडाची किंमत कळते, असे म्हणाले. शाळेचे, गावाचे, दिरांचे नाव घेऊन आभार मानले. माझी वाक्ये एकात एक गुंफलेली होती, कुठेही अडखळली नाहीत. टाळ्या तिला पडल्या होत्या त्याहून मला जास्त पडल्या. तो शब्द माझा होता, एवढे चार शब्दांचे वाक्य मात्र मी बोलले नाही.

मालेगावची एसटी लागलेलीच होती. ती खिडकीशी बसली, शाल घडी करून मांडीवर ठेवली. बस हलली तेव्हा म्हणाली, "आई, छान बोललीस."

तिच्या स्वरात टोमणा आहे का, ते मी कान देऊन ऐकले. नव्हता. ती दमली होती, इतकेच. थोड्या वेळाने तिने डोळे मिटले. बाहेर कापलेली वावरे मागे जात होती, एकामागून एक, सारखीच. मी तिच्या शेजारी बसून ते वाक्य जुळवत राहिले: ती जागी झाली की म्हणायचे. कुठून सुरू करावे, 'मी' आधी घ्यावे की 'शब्द' आधी, याचा विचार करता करता मालेगाव आले, आणि कंडक्टरने घंटी मारली.